मशाली मोजायच्या नाहीत

वेताळाची पालखी मी कधी पाहिली नाही. आजीनेही पाहिली नव्हती. तिच्या चुलत्याने पाहिली होती आणि तो भेटेल त्याला सांगत सुटला, म्हणून पुढे सहा महिने तापाने अंथरुणाला खिळला, असं ती सांगायची. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरामागे शेतं, शेतांपलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा, आणि व्हाळापलीकडे डोंगराची काळी कड. अवसेच्या रात्री त्या कडेवरून मशाली जातात. आधी एक, मग तीन, मग ओळच. मधली विझते, मागची पुढे येते. पालखी दिसत नाही, भोई दिसत नाहीत, नुसता उजेड चालतो. "उजेड दिसलो तरी बघूक जाव नको रे," आजी म्हणायची. "आणि मशाली मोजू नको. मोजलंस तर आकडो जुळणा नाय."

२०२४च्या हॅलोवीनला न्यू जर्सीतल्या आमच्या घरासमोरच्या हिरवळीवर मी ही पालखी प्लास्टिकच्या नळ्या, गोणपाट आणि एकशे सव्वीस एलईडी दिव्यांनी उभी करायला घेतली. पालखीशिवायची पालखी. तसं का झालं, ते पुढे येईलच.

आमची गल्ली हॅलोवीनच्या बाबतीत जरा हाताबाहेर गेलेली आहे. होम डेपो या इथल्या घरसामानाच्या दुकानांनी २०२०मध्ये बारा फुटी सांगाडा २९९ डॉलरला बाजारात आणला, तेव्हापासून तर कुणाला धरबंदच राहिला नाही. समोरच्यांकडे असे दोन आहेत आणि ते नाताळातही उभे असतात, सांताची टोपी घालून. बाकीच्यांकडे पंख्याने फुगणारी भुतं. दिवसा पंखा बंद असला की ती हिरवळीवर ओल्या चादरीसारखी पसरलेली असतात. मला ती बघवत नाहीत. आमच्याकडे दरवर्षी पायरीवर एक भोपळा आणि दारी येणाऱ्या पोरांसाठी चॉकलेटांची टोपली. लेक अकरा वर्षांची झाली आणि तिने त्या वर्षी जाहीर केलं, "बाबा, तू गणपतीला एवढं मखर करतोस आणि हॅलोवीनला काहीच कसं करत नाहीस?"

मुद्दा बिनतोड होता. मखर हा माझा जुना आजार. चौदाव्या वर्षी थर्माकोलच्या खांबांवर हौसेने सोनेरी स्प्रे मारला आणि डोळ्यांदेखत खांबांना देवीचे व्रण पडत गेले, तेव्हापासूनचा. स्प्रेमधला द्रव थर्माकोल खातो, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पुढे २०१८मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदीच आली, तोवर मी पुठ्ठ्यावर आलो होतो. गंमत म्हणजे इथले हौशी लोक हॅलोवीनची थडगी करताना फोमच्या पाटीवर मुद्दाम तोच स्प्रे मारतात. फोम विरघळून खड्डे पडतात आणि शंभर वर्षं पावसात झिजलेला दगड तयार होतो. माझं चौदाव्या वर्षीचं रडू हे इथलं तंत्र आहे.

लेकीची पहिली कल्पना पेपर नावाच्या माणसाच्या भुताची होती. १८६२च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत आणलं. प्रेक्षक आणि मंच यांच्यामध्ये मोठी स्वच्छ काच तिरकी उभी करायची. खाली, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात पांढरे कपडे घातलेला नट. त्याच्यावर झगझगीत उजेड पाडला की त्याचं प्रतिबिंब काचेत उमटतं आणि मंचावरच्या माणसांमधून आरपार चालू लागतं. उजेड कमी केला की भूत विरतं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या इंजिनिअरची. पेपर यांनी ती नाटकगृहाला परवडेल अशी केली आणि नाव त्यांचं झालं. आम्ही गॅरेजच्या खिडकीत ॲक्रिलिकची पाटी पंचेचाळीस अंशांत लावून पाहिली. झकास जमलं, पण एकाच जागी उभं राहिलं तर. रस्त्यावरून चालणाऱ्याला आधी पाटीची कड दिसते, मग स्वतःचं पोट, मग आमचं वॉशिंग मशीन. थिएटरात प्रेक्षक खुर्चीला बांधलेला असतो. हॅलोवीनचा प्रेक्षक मात्र एका हातात पिशवी घेऊन पळत असतो.

त्या शोधाशोधीत 'जॅक-ओ-लँटर्न' या शब्दाशी गाठ पडली. मी समजत होतो, हॅलोवीनला कोरून आत दिवा लावतात त्या भोपळ्याचं नाव. पण भोपळ्याला चिकटायच्या कितीतरी आधी इंग्रजीत हा शब्द पाणथळ जागी रात्री दिसणाऱ्या भटक्या उजेडासाठी वापरत. आयर्लंडमधली गोष्ट अशी की जॅक नावाच्या लबाडाने सैतानालाच फसवलं. मेल्यावर स्वर्गाने दार लावलं, नरकानेही लावलं, आणि सैतानाने हातावर एक निखारा ठेवला. तो निखारा कोरलेल्या सलगमात घालून जॅक अजून अंधारात फिरतोय. भोपळा अमेरिकेतला, तिकडे कंदील सलगमाचेच असत. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलकडच्या अशा एका सलगमाची प्लास्टरमधली प्रतिकृती आहे. तिचा फोटो पाहिला आणि भोपळ्याची सगळी गोजिरवाणी ख्याती उतरली. आवळलेली मूठ असावी तसा चेहरा, आत दातांच्या खुंट्या.

म्हणजे या सणाच्या मुळाशीही अंधारातून एकटा चालणारा उजेडच होता. आजीचा व्हाळ आणि जॅकची दलदल एकमेकांपासून एवढी लांब नव्हती. मी लेकीला पालखीची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "मोजल्यावर आकडा का जुळत नाही?" मला उत्तर देता आलं नाही, तेव्हा तिने ठरवलं की करायचं तर हेच.

आईला फोन केला. दोन क्षण पलीकडून काहीच नाही. मग, "वेतोबाचा नाव घेवन सोंगा करू नको."

आमच्याकडे वेताळ हे पुस्तकातलं झाडाला लोंबकळणारं भूत नव्हे. आरवलीचा वेतोबा हा देव आहे, राखणदार आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाभोवती फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. त्याची पालखी चॉकलेटं वाटायच्या जागी उभी करायची हे आईला पटणं शक्यच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिने म्हटल्यावर मलाही नीट वाटेना. मी नास्तिक आहे, पण वेंगुर्ल्याचा आहे. तह झाला तो असा: पालखी करायची नाही, नाव घ्यायचं नाही, नुसत्या मशाली आणि त्या धरणारी 'कोणीतरी'. "आणि ह्या पंधरवड्यात हात लावू नको," आई म्हणाली. "पितरांका काय वाटात?" त्यामुळे नळ्या पितृपक्षभर गॅरेजमध्ये पडून राहिल्या आणि भुताचा पहिला पाय ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी कापला गेला.

अंगं करणं सोपं होतं. जमिनीत हातभर सळी ठोकायची, तिच्यावर पाऊण इंची नळी सरकवायची, आडवी नळी म्हणजे खांदे, वर कोंबड्यांच्या जाळीचं डोकं. कपड्यासाठी गोणपाट. ते ज्या राड्यात बुडवायचं त्याला इथले लोक 'मॉन्स्टर मड' म्हणतात. भिंतींचे सांधे भरायचं पांढरं मिश्रण पाच भाग आणि घराला लावायचा पाण्याचा रंग एक भाग. कढीपेक्षा दाट, पिठल्यापेक्षा सैल. गोणपाट त्यात घोळवून जाळीवर टाकलं की दोन दिवसांत चुण्यांसकट दगड होतं. डोक्यावरून घेतलेली ती घोंगडीची खोळ मला हुबेहूब जमली, कारण पावसात तशी खोळ घेऊन जाणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. चेहरे केले नाहीत. खोळीच्या आत काळं कापड. अशी सात जणं. प्रत्येकाच्या पायाशी जुने बूट ठेवले, टाचा पुढे आणि चवडे मागे. आपल्या भुतांची पावलं उलटीच असतात. बुटांचं आईला सांगितलं नाही.

दिव्यांनी मात्र घाम काढला.

मशाल म्हणजे काठीच्या टोकाला वीतभर लांबीची एलईडीची उभी पट्टी, पट्टीवर चौदा दिवे, भोवती बटर पेपरची नळकांडी. अशा नऊ मशाली. हे दिवे एकेकटे हुकूम ऐकणारे. प्रत्येकाचा रंग आणि उजेड वेगळा ठरवता येतो. हुकूम देणारा नखाएवढ्या चिपचा कंट्रोलर, तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा साठ मिलिअँपिअरपर्यंत खातो, म्हणजे सगळे मिळून साडेसात अँपिअर, म्हणून पाच व्होल्टचा दहा अँपिअरवाला सप्लाय घेतला. ज्योतीच्या रंगात एवढं लागतच नाही. निळा जवळपास शून्य, हिरवा लालच्या एक तृतीयांश.

पहिल्यांदा बटण दाबलं आणि नऊच्या नऊ मशाली निळ्या-हिरव्या-जांभळ्या लखलखू लागल्या. लेकीने गॅरेजमध्येच नाचायला सुरुवात केली. कंट्रोलरची आणि सप्लायची ऋण तार एकमेकींना जोडायची मी विसरलो होतो. दोघांचं शून्य एक नसेल तर एकाचं बोलणं दुसऱ्याला बरळणं वाटतं. ती तार जोडली, मशाली पिवळ्या झाल्या. आम्ही सातही जणांना कुंपणालगत ओळीने उभं केलं, रात्री रस्त्यावर जाऊन पाहिलं.

"वरात," बायको म्हणाली.

वरातच होती. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका, फक्त बँड यायचा बाकी. सगळ्या मशाली एका उंचीवर, एका तेजाने, एकसारख्या थरथरत होत्या. त्या थरथरीत तर सगळ्यात मोठा खोटेपणा होता. मी प्रत्येक मशालीचा उजेड दर क्षणाला 'रँडम' आकड्याने ठरवत होतो. रँडम म्हणजे आत्ता नव्वद, पुढच्या क्षणी बारा, मग सत्तर. तशी बिघडलेली ट्यूबलाइट लुकलुकते. ज्योत तशी वागत नाही. आत्ता ती डावीकडे कललेली असेल तर पुढच्या क्षणी थोडी कमी किंवा थोडी जास्त कललेली असेल. ज्योतीला आधीच्या क्षणाची आठवण असते. यावरचा उपाय केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच काढून ठेवला आहे. संगणकावरची चित्रं फार गुळगुळीत, फार यंत्री दिसतात म्हणून ते वैतागले होते. त्यांनी असा गोंगाट रचला, ज्यातला प्रत्येक आकडा शेजारच्याला धरून असतो. ढग, धूर, संगमरवर, आग, सगळं त्यातून निघतं. १९९७मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मी 'रँडम'च्या जागी तो पर्लिनचा गोंगाट घातला. एका ओळीचा बदल. पुन्हा रस्त्यावर गेलो आणि पहिल्यांदा अंगावर बारीकसा काटा आला, कारण तो उजेड मी ओळखत होतो. वीज गेल्यावर आजीच्या माजघरात कंदील असाच भिंतीवर मागेपुढे व्हायचा.

मग चाल. मशाल जागेवरच ठेवून तिला चालवायचं कसं? लेक मोबाइलचा टॉर्च हातात घेऊन अंधारात हिरवळीवर येरझाऱ्या घालत होती, मी व्हिडिओ काढत होतो. चालणाऱ्या माणसाच्या हातातला दिवा प्रत्येक पावलाला दोन-तीन बोटं वर जातो आणि खाली येतो, आणि खाली येताना किंचित आपटतो. तेच केलं. चौदापैकी आठच दिवे लावायचे आणि तो आठांचा पट्टा पावलाच्या तालावर वरखाली सरकवायचा. प्रत्येकाचा ताल निराळा. एकाला लंगडं केलं. लांबच्या टोकाच्या दोन मशाली तांबूस आणि मंद दिसत होत्या. लांब तारेत व्होल्टेज पडतं, आणि हिरव्या-निळ्या दिव्यांना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी तेच गळतात. जाणकार लोक अशा वेळी दुसऱ्या टोकालाही वीज पुरवतात. मी ती पुरवली नाही. मागे राहिलेल्या दोघा दमलेल्यांच्या मशाली तशाच असायला हव्या होत्या.

आकडा न जुळण्याचं काम लेकीचं. भुतं सात, मशाली नऊ. दोन मशाली काळ्या काठ्यांवर, कुणाच्याच हातात नसलेल्या. कुठल्याही क्षणी पाच ते आठ पेटलेल्या. मध्येच एक चार सेकंदांत मंदावते, निखारा होते, विझते. वीस सेकंद ते दीड मिनिट, कधीही, भलत्याच ठिकाणी दुसरी निखाऱ्यातून वर येते. त्यात तिने एक अट घातली जी मला सुचली नसती: जिच्याकडे बघतोय ती कधीच विझता कामा नये. नजर कुठे आहे हे यंत्राला कळणार कसं? तिचं उत्तर, मोजणारा डावीकडून सुरू करतो, म्हणून विझवायच्या त्या डावीकडच्या. तो तोवर उजवीकडे पोचलेला असतो.

त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत जवळजवळ पाऊसच पडला नव्हता. गवत पापडासारखं झालेलं, राज्यभर उघड्यावर आग पेटवायला निर्बंध. खऱ्या मशालींचा प्रश्नच नव्हता, आणि पावसाची भीती नाही म्हणून मी तारांची जोडणी निर्धास्तपणे जमिनीवर टाकली. पहाटे पाचला आमचे स्वतःचेच बागेचे फवारे सुरू झाले. बाहेरच्या प्लगमध्ये ओल लागताच वीज तोडणारी सोय असते, तिने इमाने इतबारे काम केलं. श्रीखंडाच्या डब्यात एक थेंब गेला नव्हता. सप्लाय मात्र दोन दिवस तांदळाच्या डब्याशेजारी वाळत ठेवावा लागला, आणि त्याला स्वयंपाकघरात का आणलं यावरून घरात जे झालं ते इथे नको.

३० तारखेला संध्याकाळी साडेसातला शेवटची चाचणी चालू असताना पणजीहून मित्राचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे नरकचतुर्दशीची पहाट, पाच वाजलेले, आणि त्यांच्या वाड्यावरचा नरकासुर जळत होता. गोव्यातली पोरं तो गवत, बांबू आणि कागदाचा राक्षस कितीतरी दिवस खपून उभा करतात, डोळ्यांत दिवे बसवतात, हात हलवतात, स्पर्धा लावतात आणि उजाडायच्या आत स्वतःच काडी लावतात. मी माझ्या मशाली दाखवल्या. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बरो जालो. जाळटलो केन्ना?" मी म्हटलं, नव्वद डॉलरचे दिवे आहेत, जाळतो कसला. त्याला माझी दया आलेली स्पष्ट दिसली.

हॅलोवीनच्या दिवशी पारा ऐंशी फॅरनहाइटच्या आसपास गेला. ऑक्टोबरअखेरीला हे म्हणजे कहरच. पॉलिस्टरचे ड्रॅगन आणि वटवाघळं घामाने निथळत होती. पोरं चारपासून यायला लागली आणि सूर्य मावळायला सहाला सहा-सात मिनिटं कमी. २००७पासून अमेरिकेत घड्याळं नोव्हेंबरात मागे होतात, त्यामुळे हॅलोवीनच्या संध्याकाळी तासभर फुकटचा उजेड असतो. माझी सगळी कला त्या उजेडात गोणपाट, नळ्या आणि बटर पेपर अशी उघडी पडली होती. चार वर्षांच्या एका परीने एका भुताच्या खोळीत वाकून पाहिलं आणि आईला सांगितलं, आत कोणी नाही. धुराच्या यंत्रावर बर्फाची दोन पोती खर्च केली होती, धूर जमिनीसरशी राहावा म्हणून. तो वाऱ्याबरोबर सरळ शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये गेला. बंद केला.

एक गुजराती आजी नातवंडांबरोबर आल्या होत्या. त्या मशालींकडे बघतच नव्हत्या. खाली वाकून त्यांनी बूट पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "चुडेल?" मी मान हलवली. त्या नातवाचा हात धरून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गेल्या. महिनाभरातली सगळ्यात मोठी दाद.

साडेसहानंतर अंधार खरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच अमावस्या भरत होती, चंद्राचा पत्ता नाही. पोर्चचा दिवा आम्ही घालवला. गोणपाट दिसेनासं झालं, खोळी गेल्या, कुंपण गेलं. राहिल्या मशाली. दोन्ही सांगाड्यांसकट समोरची बाजू नेहमीप्रमाणे जांभळी-हिरवी उजळलेली होती, आणि आमच्या बाजूला येणारी पोरं वळणावरच सावकाश व्हायची. दहाएक वर्षांचा एक मुलगा, चाच्याच्या वेशात, फुटपाथवर थांबून बोटाने मोजत होता. सहा. त्याने पुन्हा मोजलं. सात. मित्राला बोलावलं, त्याचे पाच झाले. दोघांत भांडण लागलं, तिसऱ्याला आणलं. चॉकलेट घ्यायचं राहून गेलं. लेक खिडकीच्या पडद्यामागून हे सगळं बघत होती आणि तोंडावर हात दाबून बसली होती.

१ नोव्हेंबरला संध्याकाळी लक्ष्मीपूजन. मशाली त्या दुपारीच उतरवल्या, कारण आकाशकंदील करायचा राहिला होता आणि दिव्यांची पट्टी घरात तेवढीच होती. बांबूच्या कामट्या, पांढरा पतंगी कागद, आत दोन मशालींच्या पट्ट्या. कोड बदलायचं काम मी लेकीवर सोपवलं. पूजा मांडून झाली, बायकोने निरांजन लावलं, टेबलावर मोबाइल टेकवून ठेवला होता. पलीकडे आई, तिच्याकडे पाडव्याची पहाट, अंगावर शाल. दारात आकाशकंदील मऊ, पिवळा, हलकेच हलत होता. आई म्हणाली, "बरो दिसता."

तेवढ्यात तो मंदावला. चार सेकंदांत निखारा झाला आणि गेला.

मी लेकीकडे पाहिलं. तिने जीभ चावली. बायकोने निरांजनाचं ताम्हन हातात धरूनच विचारलं, "आता हा येणार कधी?"

"वीस सेकंद ते दीड मिनिट," लेक म्हणाली आणि दाराकडे बघत मोठ्याने सुरू झाली, "एक, दोन, तीन, चार..."

"मोजू नको गो," फोनमधून आई म्हणाली.